त्याच्यासारखीच पाहिजे!

गिटार कानांनी निवडावी, डोळ्यांनी नव्हे, असं एक वचन हल्ली फार ऐकू येतं. ऐकायला ते इतकं रास्त वाटतं की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. माझीही डोलली असती. पण ज्याला ते ऐकवण्यात आलं तो मुलगा त्या वेळी माझ्या शेजारी बसला होता, आणि मी वचनाकडे नव्हे, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तेव्हाच ठरवलं की या वचनाशी एकदा सविस्तर भांडायचं. निवृत्त माणसाला भांडायला वेळ असतो. पुणं सोडून पौडजवळ राहायला आल्यापासून मला भांडायला माणसं तेवढी कमी पडतात.

आधी समोरच्या पक्षाची बाजू मांडतो, म्हणजे नंतर कुणी पक्षपाताचा आरोप करायला नको. शहाण्यांचं म्हणणं असं : एक, अमका वादक काळी गिटार वाजवतो म्हणून मलाही काळीच हवी, हा पोरकटपणा आहे. दोन, आवाज लाकडात नसतो, बोटांत असतो. तीन, नावासाठी पैसे उधळू नयेत. आणि चार, आधी साधी लाकडी गिटार दोन वर्षं घासावी, मग विजेच्या गिटारीचं नाव काढावं. चारही गोष्टी पाटीवर लिहून क्लासात लावाव्यात इतक्या सुविचारी आहेत. तसल्या पाट्या लावलेल्या क्लासांत शिकलेले किती जण पुढं वाजवतात, हा प्रश्न मी इथं विचारत नाही. पुढं विचारणार आहे.

आता तो मुलगा. आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशींचा हा धाकटा. आमच्या मुळशी खोऱ्यात लग्नाच्या वरातीला, हळदीला, गणपतीला जी बेंजो पार्टी असते, त्यातला हा बेंजोवाला. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला तो चामडं ताणलेला गोल बँजो नव्हे. हे आपलं बुलबुल तरंग. 1912 साली जपानात नागोयाच्या गोरो मोरिता नावाच्या गृहस्थानं तारांच्या वाद्यावर टाइपरायटरसारखी बटणं बसवून ते काढलं. तिकडे त्याला 'ताइशोगोतो' म्हणतात. आपल्याकडे आल्यावर त्याला पिकअप बसला, वायर लागली, टेम्पोवर जनरेटर आणि भलेथोरले स्पीकर चढले, आणि ज्या नाजूक वाद्यानं जपानी घरातली संध्याकाळ सुखाची व्हायची, ते आता दोन वाड्यांपलीकडच्या म्हाताऱ्याला पहाटे दोन वाजता खाटेवरून उठवतं. मी तो म्हाताराच आहे. तरीही सांगतो, तो मुलगा वाजवतो सुरेख. कोळीगीतात मधेच एखादी जागा अशी घेतो की झोपमोडीचा राग अर्धा उतरतो. उरलेला अर्धा ढोलवाल्याचा.

तर या मुलाची मोबाईलवर डेव्हिड गिल्मोर नावाच्या इंग्रज गृहस्थाशी गाठ पडली. गिल्मोर म्हणजे पिंक फ्लॉइडचा गिटारवाला. मनुष्य शांत. उड्या मारत नाही, केस झटकत नाही, बँकेतला हेड कॅशिअर नोटा मोजताना जसा उभा असेल तसा उभा राहतो, आणि एक सूर असा ओढतो की तो आपल्या बरगडीतून बाहेर पडतो. हातात काळी गिटार. मुलानं ते एकदा पाहिलं, दहादा पाहिलं, मग मोबाईलची बॅटरी संपेपर्यंत पाहिलं. दोन लग्नसराया वाजवून त्यानं चौदा हजार रुपये साठवले होते. त्यातून त्याला काळी विजेची गिटार घ्यायची होती. तशा आकाराच्या, तशा रंगाच्या, पण भलत्याच नावाच्या गिटारी दहा-बारा हजारांत मिळतात. राहिलेल्या पैशात लहानसा अँप. सगळा हिशेब त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर मांडला होता. आमच्या सोसायटीच्या ताळेबंदापेक्षा तो स्पष्ट होता.

मी त्याला घेऊन शहरातल्या एका क्लासात गेलो. तिथल्या सरांचं नाव सांगत नाही. सज्जन गृहस्थ; चहाही पाजला. त्यांनी वर सांगितलेली चारही वचनं क्रमानं ऐकवली, आणि पाचवं एक पदरचं घातलं : "बेंजो वाजवतोस ना? मग ते आधी पूर्ण विसरायला लागेल."

मुलानं लाकडी गिटार घेतली. ती सध्या त्यांच्या घरात तांदळाच्या कणगीवर खिळ्याला टांगलेली आहे. चार महिन्यांत क्लास सुटला. आता हे शहाणे म्हणतील, बघा, जिद्दच नव्हती. ज्या पोरानं पहाटेच्या धारा काढून, दिवसभर कॉलेज करून, रात्रभर वरातीत उभं राहून दोन वर्षं बोटं झिजवली, त्याला जिद्द नव्हती! मला विचाराल तर त्याच्याकडून ज्या गोष्टीसाठी तो जिद्द खर्च करायला तयार होता तीच काढून घेतली, आणि जिद्द मात्र पूर्वीइतकीच मागितली.

आता एकेक वचन घेऊ.

लाकडी आधी, विजेची नंतर. का? लाकडी गिटारीची पहिली तार साधारण बारा गेजची असते, म्हणजे इंचाचा बारा-हजारांश भाग जाड. विजेच्या गिटारीला नऊची नाहीतर दहाची तार चढवतात. तिचे पडद्यापासूनचे अंतर कमी, मान बारीक. म्हणजे नवशिक्याच्या बोटांना विजेची गिटार सोपी आणि लाकडी अवघड. पोहायला शिकवताना मुलाला आधी पानशेतच्या धरणात टाकावं आणि दोन वर्षं जगला तर मग तलावात न्यावं, तसला हा अभ्यासक्रम आहे. शिवाय ज्याला गिल्मोरसारखी तार ओढून सूर चढवायचा आहे, त्याला त्या जाड तारेवर ते करताच येत नाही. ती तार ओढली तर सूर जागचा हलत नाही, बोट मात्र सोलून निघतं. चार महिने मुलगा आपल्या मनातला आवाज शोधत राहिला, आणि तो त्या लाकडात नव्हताच.

आवाज बोटांत असतो, हे वचन मला अगदी मान्य आहे. मान्य आहे म्हणूनच मला त्यातलं तर्कशास्त्र कळत नाही. आवाज जर बोटांतच असतो, तर मग गिटार काळी असली काय नि जांभळी असली काय, काहीच बिघडत नाही. मग काळीच घेऊ द्या की! एकीकडे म्हणायचं वाद्यानं काही फरक पडत नाही, आणि दुसरीकडे म्हणायचं तू निवडलेलं वाद्य चुकीचं आहे. हे म्हणजे 'कुठल्याही मुलीशी लग्न कर, संसार स्वभावावर चालतो. फक्त तुला आवडलेली सोडून' असं म्हटल्यासारखं झालं. आमच्या पिढीतल्या कित्येकांना नेमकं असंच सांगण्यात आलं होतं, तो भाग वेगळा.

राहिला पोरकटपणा. इथं मला जरा इतिहासात शिरावं लागेल, कारण विजेच्या गिटारीचा इतिहास हाच मुळी पोरकटपणाचा इतिहास आहे.

आपल्या लखनौत 1940 साली जन्मलेला क्लिफ रिचर्ड विलायतेत जाऊन मोठा गायक झाला. त्याच्या बरोबर हँक मार्व्हिन नावाचा चष्मेवाला मुलगा गिटार वाजवी. या दोघांना अमेरिकेतल्या जेम्स बर्टन या वादकाचं वेड. बर्टन फेंडर कंपनीची गिटार वाजवतो एवढं त्यांना कळलं होतं. कुठली ते कळलं नव्हतं. त्यांनी कॅटलॉग मागवला आणि विचार केला, एवढा मोठा वादक म्हणजे सगळ्यात महागडीच वाजवत असणार. म्हणून क्लिफनं अमेरिकेहून स्ट्रॅटोकॅस्टर मागवली, लाल रंगाची. ती 1959 साली विलायतेत पोचली. तिथं आलेली ही पहिलीच स्ट्रॅटोकॅस्टर असं म्हणतात. आणि बर्टन? तो वाजवत होता टेलिकॅस्टर. साधी, स्वस्तातली. म्हणजे नक्कल करायला गेले आणि नक्कलही चुकली! पण ती चुकलेली लाल गिटार हँकच्या हातात पाहून विलायतेतल्या पोरांची एक अख्खी पिढी वेडी झाली. या वेड्यांत पुढं कोण कोण निघाले ते सांगायला नको. आमच्या दूधवाल्या मावशींच्या मुलाचा तो शांत कॅशिअरही त्यातलाच. त्या दिवशी क्लिफ आणि हँक आमच्या सरांच्या क्लासात गेले असते, तर सरांनी त्यांना सांगितलं असतं, कॅटलॉग मिटा आणि दोन वर्षं साधी घासा.

दुसरी गोष्ट लेस पॉलची. गिब्सन कंपनीची ही गिटार 1952 साली निघाली. जड, जाड, पिवळसर झाकेची. खपेना म्हणून कंपनीनं तो घाट 1961 च्या सुमारास बंदच करून टाकला. एरिक क्लॅप्टन नावाच्या पोरानं फ्रेडी किंगच्या तबकडीच्या वेष्टनावर तसली गिटार पाहिली आणि हट्टानं जुनी शोधून काढली. फोटो बघून, बरं का! कानानं नव्हे, निव्वळ डोळ्यानं. मग 1966 साली जॉन मेयॉलच्या मंडळींबरोबर त्याची जी तबकडी निघाली, तिच्यातला आवाज ऐकून सगळीकडच्या पोरांनी एकच घोशा लावला, आम्हांला त्याच्यासारखीच पाहिजे. शेवटी 1968 साली कंपनीनं बंद केलेली गिटार पुन्हा काढली. कारखानदारांच्या सगळ्या शहाणपणापेक्षा पोरांचा हट्ट बरोबर ठरला. आज लेस पॉलला नावं ठेवणारा शहाणा भेटायचा नाही. उलट पोराला 'ती तुला परवडणार नाही' असं सांगणारे भेटतात.

आणि जॉर्ज हॅरिसन? 1964 साली बीटल्सच्या सिनेमात त्याच्या हातातली बारा तारांची रिकेनबॅकर पाहून अमेरिकेत रॉजर मॅगविन थेटरातून निघाला तो तसलीच गिटार घ्यायला. त्यातून बर्ड्स या चमूचा सगळा आवाज जन्माला आला. आणि ज्याच्यापायी लोक रिकेनबॅकर घेत होते तो हॅरिसन स्वतः 1966 साली मुंबईत येऊन पंडित रविशंकरांपुढं मांडी घालून सतार शिकत बसला होता. म्हणजे दैवतालाही दैवत असतं, आणि ते ज्या वाद्यापुढं बसतं त्या वाद्यापुढं बसावंसं वाटतं. मांडी दुखली तरी.

सतारीचं नाव निघालंच आहे तर आपल्या घरातलंही बघू. गिटारवाल्या पोरांना हसणारे आमचे बैठकीतले स्नेही असतात. म्हणतात, हे विलायती खूळ. आपल्या संगीतात असलं काही नसतं. असं? मग सतार घ्यायला जा एकदा. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "रविशंकर पद्धतीची देऊ की विलायतखाँ पद्धतीची?" गिऱ्हाइकाला अजून सा लावता येत नसतो, पण पंथ आधी सांगावा लागतो. रविशंकर पद्धत म्हणजे खर्जाच्या तारा, वरच्या बाजूला दुसरा भोपळा, जवारी जरा खुली, झंकार जास्त. विलायतखाँ पद्धत म्हणजे वरचा भोपळा नाही, खर्जाला फाटा, जवारी बंद, मिंड गळ्यातल्यासारखी निघावी अशी सगळी रचना. दोघांनी आपापल्या गाण्यासाठी सतार बदलून घेतली आणि मागून येणाऱ्या हजारोंनी ती तशीच्या तशी उचलली. दुसरा भोपळा कशासाठी हे विचारलं तर निम्मे जण सांगतील, पंडितजींच्या फोटोत आहे म्हणून.

मिरजेचंही तेच. सतारमेकर गल्लीत शिकलगार घराणी तलवारी-भाले सोडून तंबोरे करायला लागली, फरीदसाहेबांपासून ती विद्या चालत आली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गावोगावचे गवई मिरजेला धावत ते मानांकन पाहून नव्हे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांच्या गाण्यामागचा तो तंबोरा ज्यानं ऐकला त्याला तसाच हवा होता. याला आपण परंपरा म्हणतो. दुधवाल्या मावशींच्या मुलानं केलं की फॅशन.

क्रिकेटचं बोलायलाच नको. गावस्करांच्या काळात आमच्या आळीतल्या प्रत्येक पोराची ठाम समजूत होती की बॅटीवरचं एसजी म्हणजे सुनील गावस्कर. वास्तविक ते मीरतच्या सॅन्सपरेल्स ग्रीनलँड्स या कंपनीचं नाव. तेंडुलकरच्या वेळी पोरं फळकुटावर एमआरएफचा स्टिकर डकवून खेळली, टायरच्या कंपनीचा! त्या स्टिकरनं कव्हर ड्राइव्ह सुधारत नाही, हे पोरांनाही माहीत असतं. पण स्टिकर लावल्यावर ती अंधार पडेपर्यंत खेळतात, आणि अंधार पडेपर्यंत खेळल्यानं मात्र कव्हर ड्राइव्ह सुधारतो.

इथं कुणी म्हणेल, आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी काय होतं ते सांगतो. आमच्या वेळी गिटार दिसायची ती हिंदी सिनेमात, नटाच्या हातात. 1980 सालच्या 'कर्ज'मध्ये ऋषी कपूर गिटार घेऊन फिरत्या तबकडीवर नाचला आणि गल्लीत चार जणांनी गिटारचा हट्ट धरला. विजेची गिटार घेऊन नायक डोंगरमाथ्यावर गात असे. वायर कुठं जाते, अँप कुठं आहे, डोंगरावर वीज कुठून आली, हे विचारायची पद्धत नव्हती. खरे वाजवणारे स्टुडिओत बसलेले. त्यांची नावं तबकडीवर छापत नसत. 1971 च्या 'दम मारो दम'मधली ती गिटार भूपिंदरसिंग यांनी वाजवली, हे मला कळलं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. तोवर मी त्यांना फक्त गझल गाणारे म्हणून ओळखत होतो. आपल्या सिनेसंगीतात विजेची गिटार आणणाऱ्यांत व्हॅन शिपले होते. त्यांनी स्वतःसाठी आठ तारांची गिटार बनवून घेतली. त्यांचं नाव आमच्या गल्लीत एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे आम्ही भक्ती केली ती न वाजवणाऱ्यांची. आजचं पोर निदान जो खरोखर वाजवतो त्याचं नाव, त्याची गिटार, त्याच्या तारांचा गेज, सगळं सांगतं. ही प्रगती नाही तर काय?

आणि गिटार मिळत तरी कुठं होती! परदेशी वाद्यावर जकात अशी की त्यात गिटारबरोबर वादकही आयात करता आला असता. मुंबईत धोबी तलावाला फुर्तादोंच्या दुकानाच्या काचेला नाक लावून परत यायचं. बोटीवर कामाला असलेला कुणी गोवेकर ओळखीचा असेल तर त्याच्या परतीची वाट बघायची. नाहीतर कलकत्त्याची गिवसन. गिब्सनच्या 'ब'चा फक्त 'व' केलेला. बंगाल्यात 'व'चा 'ब' होतो, इथं उलटं झालं. त्या एका अक्षरात किती पोरांचं समाधान मावलं असेल! दुरून पाहणाऱ्याला गिब्सनच वाटायची, आणि पुष्कळशी पोरं दुरूनच पाहिली जावीत अशीच वाजवत.

नाही म्हणायला तिसऱ्या वचनाशी, म्हणजे पैसे उधळण्याशी, माझं अर्धं जमतं. मात्र तिथं मी पोरांना नव्हे, कंपन्यांना आणि बापांना धरतो. दैवतांनी आपापल्या गिटारी कशा घेतल्या ते पाहा. क्लॅप्टननं 1970 साली नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर शंभर-शंभर डॉलरच्या आसपास उचलल्या. तीन मित्रांना वाटल्या. उरलेल्या तिघींचे चांगले चांगले अवयव काढून एक जोडली. आमच्या पौड फाट्यावरचे गॅरेजवाले तीन लुनांतून एक लुना करायचे तशी. तिचं नाव 'ब्लॅकी'. 2004 साली ती लिलावात 9,59,500 डॉलरला गेली. पैसा व्यसनमुक्तीच्या कामाला गेला, तेव्हा त्याबद्दल काही म्हणत नाही. पण पुढं कंपनीनं ब्लॅकीच्या हुबेहूब प्रती काढल्या, मूळ गिटारीवर सिगारेटनं पडलेल्या डागासकट! शंभर डॉलरची मोडतोड, हजारो डॉलरला. आता तर नव्याकोऱ्या गिटारी कारखान्यातच खरवडून, रंग उडवून, गंज चढवून विकतात. त्याला 'रेलिक' म्हणतात आणि जितकी जास्त खरवडलेली तितकी महाग. हे मला कळलं त्या दिवशी मी आमच्या घराकडे नव्या नजरेनं पाहिलं. आमचं कपाट, आमचा सोफा, आमची बजाज स्कूटर, आणि खुद्द मी, सगळे रेलिक आहोत. गिऱ्हाईक तेवढं येत नाही.

माझ्या एका भाच्यानं आपल्या मुलाला दोन लाखांच्या घरातली, दैवताची सही छापलेली गिटार वाढदिवसाला दिली. मुलानं दैवताचं नाव घेतलं होतं ते दोन वर्षांपूर्वी. दरम्यान त्यानं धर्म बदलला होता. ती पेटी दिवाणाखाली आहे. दोष पोराचा नाही. भक्ती पोरानं करायची असते, बापानं बिल फाडून ती पुरी होत नाही. ब्रायन मेला हवी तशी गिटार परवडेना, तेव्हा त्यानं वडिलांच्या मदतीनं 1963 पासून घरीच ती करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, आतल्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, पडद्यांवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. पुढं आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी उभं राहून त्यानं तीच जन्मभर वाजवली. अन् आता कंपन्या तिचीही नक्कल विकतात. मुंबईच्या वॉरेन मेंडोन्सांनी तर आपल्या काळ्या स्ट्रॅटवरून आपल्या संगीतालाच 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' नाव दिलं, आणि ते संगीत नक्कल नाही, त्यांचं स्वतःचं आहे. काळ्या गिटारीपासून सुरुवात केली म्हणून माणूस काळ्या गिटारीपाशीच थांबतो असं कुणी सांगितलं?

गिल्मोरची ती काळी गिटार 2019 च्या लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. म्हणजे तेव्हाचे सत्तावीस कोटींच्या वर रुपये. मुलाला हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काका, मला ती नकोय. तसली पायजे." या दोन वाक्यांत मला तरी पोरकटपणा सापडला नाही.

मुळशीत विजेच्या गिटारीला आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे वीज. हे मी उगाच म्हणत नाही. इथल्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बापट त्याच लढ्यात सेनापती बापट झाले. धरण झालंच. 1927 पासून इथलं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला जातं, तिथं त्याची वीज होते आणि ती वीज मुंबईला जाते. शंभर वर्षं होत आली. मुंबईतल्या कुठल्या तरी क्लबात कुणी काळी गिटार अँपला जोडतो तेव्हा त्या आवाजात आमच्या खोऱ्यातलं थोडं पाणी असणारच. इकडे वारा सुटला की आमचे दिवे जातात. त्यातून ताम्हिणीचा पाऊस! जूनमध्ये चढवलेल्या तारा ऑगस्टमध्ये तांबूस होतात, लाकूड फुगतं. आमच्या मुलानं कुठंसं वाचलं की पेटीत ओल शोषणारं काही ठेवावं. त्यानं घरच्या आंबेमोहोराची पुरचुंडी ठेवली. आईनं ती पाहिली आणि गिटारीला जेवू घालतोस काय म्हणून जो काही राग काढला, तो मुळातून ऐकण्यासारखा होता. तर अशा मुलखात विजेची गिटार मागणाऱ्या पोराला आणखी परीक्षा कशाला हव्यात?

आता ते पाचवं वचन, सरांनी पदरचं घातलेलं. बेंजो विसरायला लागेल म्हणे. मला यातलं शास्त्र कळत नाही, पण डोळे आहेत. बेंजोत उजव्या हातातल्या पट्टीनं तारा छेडायच्या असतात, तासन्‌तास, ठेक्यात, न थकता, ढोलाच्या पुढंमागं न होता. गिटारीत उजव्या हाताचं काम वेगळं काय असतं? आणि पिकअप घरघरतोय की वायर सैल झाली आहे हे तो नुसत्या आवाजावरून सांगतो. टेम्पोवर, पावसात, नवरदेवाचे मित्र अंगावर नाचत असताना. म्हणजे अर्धी विजेची गिटार या पोराला येतच होती. ती विसरायला सांगून त्याच्या हातात दिली पूर्ण परकी वस्तू. कारण बेंजो वरातीत वाजतो, आणि वरातीतलं वाद्य क्लासाच्या पायरीवर उतरवून यायचं असतं. आकाशवाणीनंही 1940 ते 1971 पेटीला दाराबाहेर उभं केलं होतं; त्याही वेळी कारणं शास्त्रीयच सांगितली होती.

सरांशी माझं वैर नाही. त्यांच्या क्लासातून नीटनेटकं वाजवणारी मुलं दर वर्षी निघतात. परीक्षा देतात, प्रमाणपत्रं भिंतीला लावतात, बारावीला गिटार माळ्यावर टाकतात. मघाशी जो प्रश्न विचारतो म्हटलं होतं तो हा : त्यांतल्या किती जणांना कुणासारखं तरी व्हायचं होतं?

आमच्या मुलानं यंदाची लग्नसराई पुन्हा वाजवली. लाकडी गिटार विकायला काढली आहे. बाणेरला कुणाकडे तरी एक जुनी काळी आहे, कोपऱ्यावर रंग उडालेली. कंपनीनं उडवलेला नव्हे, खरोखरीच उडालेला, म्हणून स्वस्त. रविवारी बघायला जायचं आहे. मान वाकली नाही ना ते लांबून एका डोळ्यानं बघायचं, पडदे किती झिजलेत ते बोटानं तपासायचं, पिकअप मूळचेच आहेत का ते विचारायचं, हे सगळं तो करणार आहे. मी काळ्या रंगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, आवडली असं तोंडावर दिसू द्यायचं नाही, आणि दोन हजार तरी कमी करून घ्यायचे, एवढंच काम त्यानं माझ्याकडे दिलं आहे.